मानसिक आरोग्य, सरकारी दवाखाना आणि पैसा: मराठवाड्यातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मानसिक आजाराच्या रुग्णांचा पाठपुरावा करणं हे माझं काम. बीड, लातूर, धाराशिव या पट्ट्यात फिरताना कुणाच्या ओसरीवर, कधी एसटी स्टँडवर, कधी ग्रामपंचायतीच्या पायरीवर लोक जे विचारतात, ते इथं एकत्र केलं आहे. विचारणारे बहुतेक रुग्णांचे घरचे असतात. काही आशाताई असतात, एखादे सरपंच असतात. अलीकडं कॉलेजची पोरंही विचारू लागली आहेत, याचं मला फार समाधान वाटतं.

आमच्या तालुक्यात मानसोपचारतज्ज्ञ नाही. मग सरकारी उपचार मिळतात तरी कुठं?

मनोरुग्णालयाच्या शोधात निघायची बहुतेकांना गरजच नसते. राज्यातली चार प्रादेशिक मनोरुग्णालयं ठाणे, पुणे, नागपूर आणि रत्नागिरीला आहेत. मराठवाड्याच्या वाट्याला वर्षानुवर्षं एकही आलं नाही. आता जालन्याला मंजूर झालं आहे. पण उदासीनता, भीतीचे झटके, झोप उडणं, दारूचं व्यसन, एवढंच काय, स्किझोफ्रेनियाच्या बऱ्याचशा रुग्णांचे उपचारही घरी राहून, ओपीडीतून होतात.

त्यामुळं आधी जिल्ह्याच्या सामान्य रुग्णालयात, म्हणजे लोकांच्या भाषेत सिव्हिलला, जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाचं पथक कुठं बसतं ते विचारा. ग्रामीण आणि उपजिल्हा रुग्णालयांत ठरलेल्या दिवशी शिबिराची ओपीडी घेणं हा त्या पथकाच्या कामाचाच भाग आहे, तेव्हा तुमच्या तालुक्याचा वार कोणता तेही तिथंच कळेल. आजार गुंतागुंतीचा असेल तर छत्रपती संभाजीनगरचं घाटी रुग्णालय, अंबाजोगाईचं स्वामी रामानंद तीर्थ, लातूर किंवा नांदेडचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय गाठावं. माणूस स्वतःला किंवा दुसऱ्याला इजा करेल अशी स्थिती असेल, तर वाराची वाट बघू नका. सरळ अपघात विभागात न्या.

हा जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम काय आहे? त्याला पैसा किती मिळतो?

राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम १९८२ साली सुरू झाला. मानसिक उपचार मोठ्या शहरांतल्या वेड्यांच्या इस्पितळांपुरते राहू नयेत, साध्या दवाखान्यांतून मिळावेत, हा त्यामागचा विचार. बंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्याच्या राष्ट्रीय संस्थेनं कर्नाटकातल्या बळ्ळारी जिल्ह्यात हे करून दाखवलं. त्याच धर्तीवर १९९६ मध्ये देशातल्या ४ जिल्ह्यांत जिल्हा कार्यक्रम सुरू झाला आणि आता तो ७०० हून अधिक जिल्ह्यांसाठी मंजूर आहे. पथकात मानसोपचारतज्ज्ञ, चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञ, समाजकार्यकर्ता, परिचारिका आणि नोंदी ठेवणारा कर्मचारी अपेक्षित आहेत. जिल्हा पातळीवर १० खाटांची सोयही अपेक्षित आहे.

आता पैसा. या कार्यक्रमासाठी एका जिल्ह्याला वर्षाला जास्तीत जास्त ८३ लाख २० हजार रुपये मिळू शकतात. आकडा ऐकायला मोठा वाटतो. २०११ च्या जनगणनेत बीड जिल्ह्याची लोकसंख्या २५ लाख ८५ हजार होती. भागाकार केला की माणशी वर्षाला सव्वातीन रुपयेसुद्धा येत नाहीत. नांदेड ३३ लाखांच्या पुढं, म्हणून तिथं अडीच रुपयांच्या आत. हिंगोली पावणेबारा लाखांचा, तिथं सात रुपये. कमाल मर्यादा सगळ्यांना एकच असल्यामुळं जिल्हा जितका मोठा, तितका माणशी वाटा लहान. सामान्य रुग्णालयाची इमारत, कायम डॉक्टरांचे पगार, मेडिकल कॉलेजचा मानसोपचार विभाग यांचा खर्च वेगळा होतो, हे खरं आहे. पण गावापर्यंत पोचायचा पैसा हाच आहे. शिवाय ८३ लाख ही मर्यादा आहे. तेवढे हातात पडतीलच असं नाही.

केंद्राच्या बजेटात मानसिक आरोग्याला किती असतं?

२०२३-२४ च्या अंदाजपत्रकात आरोग्य खात्याला सुमारे ८९ हजार कोटी होते. त्यात मानसिक आरोग्याच्या नावानं दिसणारे ९१९ कोटींच्या आसपास, म्हणजे शंभरातला एक रुपया. त्यातले ७२१ कोटी एकट्या निम्हान्सला, काही आसाममधल्या तेजपूरच्या संस्थेला, आणि उरलेले टेलि-मानस या फोनसेवेला. निम्हान्सनं देशाला डॉक्टर आणि प्रशिक्षक दिले, तिचा पैसा कमी करा असं मी म्हणणार नाही. जिल्हा कार्यक्रमाचा पैसा राष्ट्रीय आरोग्य अभियानाच्या मोठ्या गाठोड्यात असतो, म्हणून तो वेगळा दिसत नाही. त्याचा ६० टक्के वाटा केंद्राचा, ४० टक्के राज्याचा.

म्हणजे पैसा वाढला की प्रश्न मिटेल?

नाही. माझं सगळं म्हणणं या एका उत्तरात आहे, म्हणून ते जरा सविस्तर देते.

मानसिक आजाराचा खर्च कुठं होतो ते पाहा. हृदयाच्या शस्त्रक्रियेसारखा तो एका दिवशी होत नाही. उदासीनतेच्या गोळ्यांचा गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात, आणि बरं वाटल्यावरही त्या किमान सहा महिने चालू ठेवाव्या लागतात. स्किझोफ्रेनियात तर वर्षानुवर्षं. पैसा लागतो तो दर महिन्याला, थोडा थोडा, आणि घराजवळ. एक महिना चुकला की आधीच्या सहा महिन्यांची मेहनत पाण्यात.

आणि महिना चुकतोच. मागं एका रुग्णालयाच्या ओपीडीत मी सलग तीन महिने एका मुलाला घेऊन गेले. पहिल्या महिन्यात गोळ्या मिळाल्या. दुसऱ्या महिन्यात निम्म्या मिळाल्या, उरलेल्यांसाठी "बाहेरून घ्या" अशी चिठ्ठी. तिसऱ्या महिन्यात डॉक्टरांचं कंत्राट संपलेलं होतं. चौथ्या महिन्यात त्याची आई म्हणाली, "ताई, आता काहून नेताव त्याला? तिकीट वाया जातंय." तिला काय सांगायचं ते मला त्या दिवशी सुचलं नाही.

इथं दोष एका माणसाचा नाही, घडी बसलेली नाही. प्राथमिक आरोग्य केंद्र जिल्हा परिषदेच्या जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांकडं. ग्रामीण रुग्णालय आणि सिव्हिल जिल्हा शल्यचिकित्सकांकडं, मानसिक आरोग्याचं पथकही त्यांच्याकडंच. मेडिकल कॉलेज तिसऱ्याच खात्याचं, वैद्यकीय शिक्षण विभागाचं. कॉलेजमधून बरा होऊन गावी आलेल्या रुग्णाचा कागद आरोग्य केंद्राकडं आपोआप जात नाही. घरच्यांनी पिशवीत जपलेली फाइल हाच काय तो तिन्ही खात्यांमधला दुवा.

पदं कंत्राटी असल्यामुळं आणखी एक चक्र फिरतं. मानसोपचारतज्ज्ञ देशातच कमी, लाख लोकांमागं एकसुद्धा नाही. तालुक्याच्या कंत्राटी पगारावर कुणी टिकत नाही. पद रिकामं राहतं, पगाराचा पैसा खर्च होत नाही, आणि वर्षाअखेरी कागदावर चित्र उमटतं की या जिल्ह्याला एवढ्या पैशाची गरजच नव्हती. पुढच्या वर्षीचा आराखडा त्यावर बेततात. म्हणून नुसती वाढीव तरतूद मागून भागणार नाही. गोळ्यांचा अखंड पुरवठा, टिकाऊ पदं, आणि एका खात्यातून दुसऱ्या खात्यात रुग्णासोबत जाणारी नोंद, या तिन्हींवर पैसा आधी लागला पाहिजे. इमारतीची फीत नंतर कापता येईल.

"एकत्रीकरण" असा शब्द सरकारी कागदांत असतो. त्याचा आमच्या दवाखान्यात अर्थ काय?

एक बाई प्राथमिक आरोग्य केंद्रात वारंवार येत होती. अंग दुखतं, डोकं जड आहे, भूक नाही. दर वेळी वेदनाशामक आणि ताकदीच्या गोळ्या. तिला उदासीनतेचा आजार होता. आपल्याकडं बायका "मन लागत नाही" असं क्वचितच म्हणतात, "अंगातलं त्राण गेलंय" म्हणतात. डॉक्टरांनी "झोप लागते का?" आणि "पूर्वी आवडायचं त्यात आता मन रमतं का?" एवढे दोन प्रश्न विचारले असते, तर आजार तिथंच पकडला गेला असता.

एकत्रीकरण म्हणजे हेच. वेगळी पाटी, वेगळी खोली, वेगळी रांग नको. बीपी-शुगरच्या तपासणीत, क्षयरोगाच्या पाठपुराव्यात, बाळंतिणीच्या घरभेटीत मनाची चौकशी व्हावी. साधा आजार असेल तर एमबीबीएस डॉक्टरांनीच औषध सुरू करावं, अवघड वाटला तर वर पाठवावं, आणि वरून परत आलेल्याच्या गोळ्या गावात चालू राहाव्यात. आयुष्मान आरोग्य मंदिरांच्या १२ सेवांमध्ये मानसिक आरोग्य धरलेलं आहे, तेव्हा उपकेंद्रातल्या समुदाय आरोग्य अधिकाऱ्यांचं हे काम आहेच.

हे जमतं का? शेजारी विदर्भात जमलं आहे. अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांत 'विश्राम' प्रकल्पात गावपातळीवरच्या प्रशिक्षित कार्यकर्त्यांनी उदासीनतेबद्दल घरोघर बोलायला सुरुवात केली, समुपदेशन दिलं आणि गरज पडेल त्यांना डॉक्टरांपर्यंत नेलं. उदासीनता असलेल्यांपैकी उपचारांपर्यंत पोचणाऱ्यांचं प्रमाण साधारण दीड वर्षात ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेलं. तिथलीही माणसं कोरडवाहू कापूस-सोयाबीनवरच जगतात. मग आपल्याकडं हे का होऊ नये?

कायद्यानं आमचा हक्क काय?

मानसिक आरोग्यसेवा कायदा २०१७ चा, २०१८ पासून लागू. त्याचं कलम १८ पाठ करून ठेवण्यासारखं आहे. सरकारी मानसिक आरोग्यसेवा मिळणं हा प्रत्येकाचा हक्क आहे. दारिद्र्यरेषेखालच्या आणि बेघर माणसाला उपचार मोफत, आणि त्यासाठी पिवळं कार्ड हातात असलंच पाहिजे असं नाही. आवश्यक औषधांच्या यादीतल्या मानसिक आजाराच्या गोळ्या ग्रामीण रुग्णालयापासून वरच्या सगळ्या सरकारी दवाखान्यांत सर्वांना, सदासर्वकाळ, मोफत मिळाल्या पाहिजेत. किमान सेवा जिल्ह्यात सरकारकडं नसतील तर जिल्ह्यातल्या दुसऱ्या ठिकाणी झालेला उपचाराचा खर्च सरकारनं सोसायचा आहे.

"बाहेरून घ्या" ही चिठ्ठी म्हणूनच मला इतकी खटकते. मोफत औषध हा रुग्णावर केलेला उपकार नाही.

महात्मा फुले योजनेचं किंवा आयुष्मान कार्ड आहे. त्यात हा आजार बसतो का?

आयुष्मान भारत योजनेत मानसिक आजारांची पॅकेजं आहेत, पण ती दाखल रुग्णांसाठी. दर महिन्याची ओपीडी आणि गोळ्या कार्डावर येत नाहीत, आणि वर सांगितल्याप्रमाणे खरा खर्च तोच. म्हणून विमा कितीही लाखांचा केला तरी तो तालुक्याच्या औषधखिडकीची जागा घेऊ शकत नाही. खासगी पॉलिसी असेल तर कंपनीला शारीरिक आजारासारखंच मानसिक आजारालाही संरक्षण द्यावं लागतं, असं याच कायद्याचं कलम २१ सांगतं. नाकारलं तर लेखी कारण मागा.

उपचार मोफत म्हणता, मग आमचे पैसे जातात कुठं?

वाटेत. रुग्णासोबत एक माणूस लागतो, म्हणजे दोन तिकिटं आणि दोन माणसांची मजुरी. लिथियमच्या गोळ्या चालू असतील तर रक्तातलं प्रमाण ठरावीक काळानं तपासावं लागतं, ती तपासणी तालुक्याला होत नसली की आणखी एक फेरी. एसटीत महिलांना २०२३ पासून निम्मं भाडं आहे, त्याचा फार आधार झाला. आजारामुळं ४० टक्के किंवा अधिक दिव्यांगत्व असेल तर सिव्हिलमधून प्रमाणपत्र काढून घ्या. मानसिक आजार २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात स्पष्ट नमूद आहे, आणि प्रवासातली सवलत, संजय गांधी निराधार योजना यांचा मार्ग या प्रमाणपत्रातून जातो. "वेडा म्हणून शिक्का बसेल" या भीतीनं पुष्कळ घरं ते काढत नाहीत. मुलीच्या लग्नाची काळजी मला समजते. तरी मी आग्रह धरते.

शेतकरी आत्महत्यांचा याच्याशी काय संबंध? तो तर कर्जाचा आणि पावसाचा प्रश्न आहे.

कर्जाचाही आहे, पावसाचाही, भावाचाही. कुणी "हा निव्वळ मानसिक आजार" म्हणत असेल तर ते चूक आहे. सोयाबीन पडत्या भावानं विकावं लागलेल्या माणसाला नुसत्या गोळीनं काय होणार? पण कर्ज असलेल्या सगळ्या घरांत हे घडत नाही. कर्ज, दारू, घरातला तणाव, न ओळखलेली उदासीनता हे एकत्र येतं तिथं धोका वाढतो, आणि त्यातला जो भाग दवाखान्याच्या हातात आहे तो दवाखान्यानं करायलाच हवा.

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकड्यांनुसार २०२२ मध्ये महाराष्ट्रात २२,७४६ आत्महत्या नोंदल्या गेल्या, देशात सर्वाधिक. शेतीतल्या माणसांच्या ४,२४८. मराठवाड्याच्या आठही जिल्ह्यांसह १४ जिल्ह्यांत २०१५ पासून 'प्रेरणा' प्रकल्प आला. आशाताई घरोघर जाऊन तणावाची लक्षणं विचारतात आणि गरज असलेल्यांना पुढं पाठवतात. कल्पना उत्तम आहे. मात्र आशाताईनं ओळखलेला माणूस तालुक्याला गेला आणि तिथं खुर्ची रिकामी असली, की पुढच्या वेळी तो आशाताईलाही दार उघडत नाही.

शेतकऱ्याच्या आत्महत्येनंतर पात्र ठरलेल्या कुटुंबाला एक लाखाची मदत मिळते. ती मिळालीच पाहिजे. मला राहून राहून वाटतं ते एवढंच की माणूस जिवंत असताना बीडमध्ये त्याच्या वाट्याला वर्षाला सव्वातीन रुपयेसुद्धा येत नाहीत.

आणखी एक, कारण यापायी जीव जातात: पोलीस केस होईल म्हणून आत्महत्येचा प्रयत्न केलेल्या माणसाला दवाखान्यात नेणं टाळू नका. २०१७ च्या कायद्याचं कलम ११५ सांगतं की असा माणूस तीव्र ताणाखाली होता असं गृहीत धरायचं, त्याला शिक्षा करायची नाही, आणि त्याची काळजी घेणं सरकारचं कर्तव्य. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत आत्महत्येच्या प्रयत्नाला गुन्हा ठरवणारं जुनं ३०९ कलम राहिलेलंच नाही.

१४४१६ वर खरंच कुणी फोन उचलतं का?

ही टेलि-मानस सेवा, १० ऑक्टोबर २०२२ पासून, चोवीस तास, मोफत, मराठीतही. रात्री दोन वाजता मन फार भरून आलं तर हा नंबर लावाच. घरच्यांनाही सल्ला विचारता येतो. फोनवरून धीर मिळतो, पण महिन्याच्या गोळ्या आणि पाठपुरावा तालुक्यातूनच मिळायला हवा.

घरचे आधी देवाला, दर्ग्याला नेतात. त्यांच्याशी भांडायचं का?

भांडू नका. "देवाचंही करू, दवाखान्याचंही करू" असं म्हटलं की बहुतेक घरं ऐकतात. गुजरातेत उनावाच्या मीरा दातार दर्ग्यात मुजावर आणि डॉक्टर मिळून काम करतात, 'दवा आणि दुवा' दोन्ही. पण साखळीनं बांधणं, मारणं, उपाशी ठेवणं होत असेल तर तिथून माणसाला ताबडतोब काढा. साखळीला कायद्यानं सक्त बंदी आहे.

दिवाळीनंतर आम्ही ऊसतोडीला जातो. सहा महिने गोळ्यांचं काय?

हा प्रश्न बीड जिल्ह्याचा खास, आणि कुठल्याही सरकारी मार्गदर्शिकेत त्याचं उत्तर मला सापडलेलं नाही. टोळी पश्चिम महाराष्ट्रात किंवा कर्नाटकात जाते. उचल, म्हणजे आगाऊ मजुरी, घेतलेली असते, आणि नवरा-बायकोची जोडी मिळून एक कोयता धरतात, एकानं राहायचं तर कोयता मोडतो. मग आजारी बाईही जाते. पाचटाच्या कोपीत, म्हणजे झोपडीत, झोप धड नाही, पहाटेच गाडी भरायची, आणि गोळीनं गुंगी येते म्हणून तीच आधी बंद होते. फेब्रुवारी-मार्चमध्ये आजार उलटतो, आणि ती परत येते तेव्हा आम्ही पुन्हा पहिल्यापासून सुरू करतो.

आम्ही इथं जे करतो ते असं. निघायच्या महिनाभर आधी डॉक्टरांना स्पष्ट सांगायचं की ऊसतोडीला चाललोय. गुंगी कमी आणणारं औषध किंवा रात्रीची एकच मात्रा चालेल का, ते विचारायचं. काही रुग्णांना महिन्यातून एकदा घ्यायचं इंजेक्शन चालतं, ते टोळीत सोपं पडतं. जास्त दिवसांच्या गोळ्या मागायच्या, आणि त्या घरातल्या जबाबदार माणसाच्या ताब्यात ठेवायच्या. केसपेपरचा फोटो मोबाइलमध्ये, आणि त्याची झेरॉक्स मुकादमाकडं नव्हे तर स्वतःच्या पेटीत. कारखान्याजवळच्या ग्रामीण रुग्णालयात तो दाखवून त्याच गोळ्या मागता येतात. तुमचा जिल्हा कोणता हे विचारून परत पाठवायचा त्यांना अधिकार नाही.

खरं तर हे सरकारनं करायचं काम आहे. निघणाऱ्या जिल्ह्यानं यादी द्यावी, पोचणाऱ्या जिल्ह्यानं गोळ्या द्याव्यात.

दुसरे देश पैशाचं कसं ठरवतात?

इंग्लंडनं काही वर्षं पाळलेला एक नियम मला फार पटतो: स्थानिक आरोग्य यंत्रणेचा एकूण निधी ज्या वेगानं वाढेल, किमान त्या वेगानं मानसिक आरोग्यावरचा खर्च वाढला पाहिजे. तिथंही तक्रारी आहेत, रांगा आहेत. पण असा नियम असला की मानसिक आरोग्याचा वाटा गुपचूप कमी करता येत नाही. राज्यानं हाच नियम जिल्हावार लावला तर वाद आकड्यांवर होईल, दयेवर नाही.

आम्ही गावातली माणसं. आम्ही काय मागू शकतो?

ग्रामसभेत ठराव घ्या की आपल्या ग्रामीण रुग्णालयात मानसिक आरोग्याची ओपीडी कोणत्या वारी असते याचा फलक ग्रामपंचायतीवर लागावा. रुग्ण कल्याण समितीतल्या सदस्यांना गोळ्यांचा साठा बघायला लावा. जिल्हा नियोजन समितीकडून औषधांसाठी निधी मिळू शकतो, तेव्हा आमदार-पालकमंत्र्यांच्या निवेदनात रस्ता आणि सभामंडपाच्या जोडीला ही मागणीही घाला.

आणि माहितीचा अधिकार वापरा. अर्ज जिल्हा शल्यचिकित्सक कार्यालयाच्या जनमाहिती अधिकाऱ्यांच्या नावे करा. गेल्या आर्थिक वर्षात जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाला किती निधी मंजूर झाला, किती मिळाला, किती खर्च झाला. पथकातली कोणती पदं किती महिने रिक्त होती. आणि आपल्या ग्रामीण रुग्णालयात मानसिक आजाराच्या कोणत्या गोळ्या किती दिवस संपलेल्या होत्या, एवढंच विचारा. अर्जाला दहा रुपयांचं कोर्ट फी स्टॅम्प लावा आणि पोच घ्यायला विसरू नका. उत्तर तीस दिवसांत यायला हवं.